केस्टरचे लोक आणि त्यांची जीवनौका

इंग्लंडचा नकाशा डोळ्यांसमोर आणला तर त्याच्या पूर्व अंगाला, उत्तर समुद्राच्या बाजूने, एक फुगीर भाग पुढे आलेला दिसतो. हा नॉरफोक परगणा. त्याच्या कडेला ग्रेट यार्मथ नावाचे जुने बंदर आहे, आणि त्या बंदराच्या उत्तरेला तीनएक मैलांवर केस्टर हे गाव आहे. गाव तसे लहान, पण जुने. रोमन लोकांनी येथे किल्ला बांधला होता आणि गावाचे नावही छावणी या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले आहे. पंधराव्या शतकात सर जॉन फास्टॉल्फ या सरदाराने जवळच एक गढी बांधली. शेक्सपिअरच्या फॉल्स्टाफला नाव मिळाले ते याच गृहस्थावरून. पण इंग्लंडमध्ये केस्टर म्हटले की रोमनही आठवत नाहीत आणि फास्टॉल्फही आठवत नाही. आठवते ती गावची जीवनौका, म्हणजे संकटात सापडलेल्या गलबतांवरची माणसे सोडवून आणणारी होडी.

एका लहानशा गावातल्या एका होडीला इतिहास तो किती असणार, असे कुणी म्हणेल. पण या होडीच्या इतिहासात एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो केस्टरपुरता नाही. माणसे परक्यासाठी जीव धोक्यात घालतात ती कशामुळे? दयेमुळे, पोटासाठी, की गावाच्या रीतीमुळे? आणि अशी रीत एकदा पडली म्हणजे ती कुणाच्या मालकीची होते?

प्रथम समुद्र कसा आहे ते पाहू. केस्टरच्या समोर पाण्याखाली वाळूचे लांबच लांब दांडे पसरले आहेत. कोणाचे नाव स्क्रोबी, कोणाचे बार्बर, कोणाचे हेझबरो. भरतीला हे दिसत नाहीत आणि ओहोटीला काहींची पाठ उघडी पडते. वादळे त्यांचा आकार पालटतात, म्हणजे काल जिथे वाट होती तिथे आज वाळू. आता याच पट्ट्यातून इंग्लंडची मोठी वाहतूक चालत असे. लंडन शहराच्या चुली पेटत त्या उत्तरेकडच्या न्यूकॅसलच्या कोळशावर, आणि तो कोळसा शेकडो शिडांच्या गलबतांतून या किनाऱ्याला धरून खाली येई. वारा सुटला की ही गलबते दांडे आणि किनारा यांच्यामधल्या पाण्यात नांगर टाकून बसत. नांगर तुटला की मग संपलेच. १६९२ सालच्या एका वादळात दोनशेहून अधिक गलबते एका रात्रीत या बाजूला फुटली, असे डॅनिएल डीफोने आपल्या प्रवासवर्णनात लिहिले आहे. डीफो म्हणजे रॉबिन्सन क्रूसोचा कर्ता. तो या भागातून गेला तेव्हा त्याला एक चमत्कारिक गोष्ट दिसली. तिथल्या शेतकऱ्यांची कोठारे, गोठे, कुंपणे, सारे काही फुटक्या गलबतांच्या लाकडाचे होते.

या एका निरीक्षणात केस्टरची अर्धी हकीगत आली. समुद्र गलबते फोडीत होता आणि किनारा त्यांवर जगत होता. जमीन रेताड, मासेमारी हंगामी. हिवाळ्यात वादळ आले म्हणजे मात्र हाताला काम मिळे. अठराव्या शतकाच्या अखेरीला या किनाऱ्यावरच्या गावोगावी खलाश्यांनी आपापल्या ‘बीच कंपन्या’ काढल्या. केस्टरची कंपनीही त्याच सुमाराची. कंपनी या शब्दाने फसू नका. हिला कचेरी नव्हती. किनाऱ्यावर एक टेहळणीचा माळा, दोरखंडे ठेवायची एक झोपडी आणि वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या, एवढीच तिची दौलत. या होड्यांना ‘यॉल’ म्हणत. लांब, अरुंद आणि वाऱ्यासारख्या धावणाऱ्या. धाव लागेच, कारण अडकलेल्या गलबताला जी होडी प्रथम जाऊन भिडेल तिला त्या कामाचा हक्क. शेजारच्या गावची होडी पुढे गेली तर आपण हात हलवीत परत. गलबत वाळूवरून सोडवून बंदरात आणले म्हणजे गलबताच्या आणि मालाच्या किमतीतला काही हिस्सा मिळे, आणि तो होडीत बसलेल्यांत, ती लोटणाऱ्यांत आणि कंपनीत ठरल्याप्रमाणे वाटला जाई.

म्हणजे केस्टरचे हे शूर लोक मुळात धंदेवाईक होते, हे आपण आधीच कबूल केलेले बरे. शिवाय त्या वेळच्या कायद्याची तऱ्हा अशी की, माल वाचवला तर मोबदला मिळे, पण नुसता माणसाचा जीव वाचवला तर कायद्याने काहीच देणे लागत नसे. दोन मैलांवर एक भरलेले गलबत अडकले आहे आणि दुसरीकडे एक फुटके गलबत आहे, ज्याच्या डोलकाठीला चार माणसे लोंबकळत आहेत. जायचे कुठे? गरीब माणसाच्या पुढे टाकलेला हा प्रश्न फार कठीण आहे. आपण खुर्चीत बसून त्याचे उत्तर देऊ नये.

जीवनौकेची कल्पना जन्मली ती याच काळात. लायोनेल ल्यूकिन नावाच्या कारागिराने १७८५ साली न बुडणाऱ्या होडीची सनद घेतली. पुढे १७८९ साली टाइन नदीच्या मुखाशी ‘अॅडव्हेंचर’ हे गलबत फुटले. हजारो लोक काठावर उभे राहून पाहत होते आणि त्यांच्या डोळ्यांदेखत माणसे बुडाली. त्या शरमेतून साउथ शील्ड्सच्या हेन्री ग्रेटहेडची वल्ह्यांची जीवनौका १७९० साली तयार झाली. तशीच एक नौका पूर्व किनाऱ्यावरच्या लोस्टॉफ्ट येथे पाठवण्यात आली. पण तिथले खलाशी तिच्यात पाऊल टाकीनात! त्यांचे म्हणणे असे की, आमचे दांडे दूर समुद्रात आहेत, तिथवर वादळात वल्ही मारीत जाता येत नाही, आम्हाला शिडाची होडी हवी. शेवटी ल्यूकिन स्वतः येऊन या लोकांशी बोलला, आणि त्यांना हवी तशी शिडाची जीवनौका १८०७ साली तयार झाली. मला या प्रसंगाचे फार महत्त्व वाटते. होडी कशी असावी हे तिच्यात बसणाऱ्याने ठरवायचे, हा दंडक या किनाऱ्यावर तेव्हापासून पडला. त्याचे बरेवाईट परिणाम पुढे दिसतील.

१८२४ साली सर विल्यम हिलरी यांच्या खटपटीने लंडनमध्ये जीवरक्षणाची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. हीच आजची रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन. गंमत अशी की ही संस्था सरकारी नव्हती, आजही नाही. ती लोकांच्या वर्गणीवर चालते. केस्टरला जीवनौका आली ती १८४५ साली, नॉरफोकच्या स्थानिक मंडळाकडून. १८५७ साली ती राष्ट्रीय संस्थेकडे गेली, आणि १८६७ साली एकीला दुसरीची जोड मिळाली. दांडेच इतके की एका होडीने भागेना. मोठ्या होडीचे नाव होते ‘कोव्हेंट गार्डन’. लंडनच्या त्या गजबजलेल्या वस्तीत जमलेल्या फंडातून ती आली म्हणून हे नाव.

संस्थेने केस्टरच्या जुन्या कंपनीला मोडले नाही. होडी संस्थेची आणि माणसे कंपनीची, असा व्यवहार ठरला. जीव वाचवायला गेल्याबद्दल संस्था दिवसा दहा शिलिंग आणि रात्री एक पौंड प्रत्येक खलाश्याला देई. गलबत सोडवून हिस्सा घेतला तर मात्र संस्थेचे पैसे मिळत नसत. दहा शिलिंगांसाठी कुणी मरायला जात नाही, हे उघड आहे. पण ते दहा शिलिंग नसते तर एका गरीब घराला ती रात्र परवडली नसती, हेही तितकेच खरे. डोलकाठीला लोंबकळणाऱ्या त्या चार माणसांचा प्रश्न संस्थेने असा सोपा करून टाकला. दयेला तिने पोटाशी भांडायला लावले नाही.

होडी समुद्रात लोटणे हे काम आपण समजतो त्यापेक्षा फार अवघड. केस्टरला धक्का नाही, बंदर नाही, नुसती उघडी वाळू. वाळूवर लाकडाचे ओंडके अंथरून त्यांवरून ती वजनदार होडी ढकलीत न्यायची. समुद्रात दूर एक नांगर कायमचा टाकलेला, त्याचा जाडजूड दोर काठापर्यंत आणलेला. होडीतल्यांनी तो दोर ओढीत ओढीत फुटणाऱ्या लाटांमधून बाहेर पडायचे आणि मग शीड उभारायचे. काठावरची माणसे कमरेइतक्या, छातीइतक्या पाण्यात उभी राहून तिला रेटीत. होडीत बारा-पंधराच माणसे दिसली तरी तिच्यामागे सारा गाव भिजलेला असे. कॉक्सवेन, म्हणजे या होडीचा तांडेल म्हणा, एकच असतो, पण होडी त्याच्या एकट्याच्या बळावर निघत नाही.

या धंद्याची किंमत गावाने वेळोवेळी मोजली. २२ जुलै १८८५ च्या रात्री कंपनीची ‘झेफर’ ही यॉल अडकलेल्या गलबताकडे निघाली होती. रात्र उन्हाळ्याची, वादळही नव्हते. वाटेत पूर्वी बुडालेल्या एका गलबताची डोलकाठी पाण्याखाली उभी होती. होडी तिच्यावर आदळून फाटली आणि पंधरांपैकी आठ जण बुडाले. ज्या फुटक्या गलबतांवर गाव जगला, त्यांतल्याच एकाने हा घास घेतला.

आता १९०१ सालाकडे येऊ. त्या वेळी दुसऱ्या ठाण्यावर ‘बोशॅम’ नावाची छत्तीस फूट लांबीची जीवनौका होती. १८९२ पासून ती येथे होती, आणि एक्याऐंशी वेळा समुद्रात जाऊन तिने एकशे सेहेचाळीस जीव वाचवले होते. ही होडी उलटली तर आपोआप सुलटणाऱ्या जातीची नव्हती. तशी होडी निघाली नव्हती असे नाही. उलट आपोआप सुलटणाऱ्या होडीचा पहिला मोठा नमुना १८५१ साली तयार केला तो शेजारच्या यार्मथच्याच जेम्स बीचिंगने! पण पूर्व किनाऱ्याच्या खलाश्यांचा तिच्यावर विश्वास नव्हता. ती हलकी, चटकन उलटते, आमची रुंद आणि जड होडी मुळात उलटतच नाही, असा त्यांचा दावा. तो अगदीच पोकळ होता असे म्हणता येणार नाही. १८८६ साली पश्चिम किनाऱ्यावर ‘मेक्सिको’ या जहाजाकडे निघालेल्या दोन सुलटणाऱ्या जीवनौका उलटून सत्तावीस माणसे गेली होती.

१३ नोव्हेंबर १९०१. ईशान्येकडून भयंकर वारा, वर पाऊस. रात्री अकराच्या सुमारास बार्बरच्या दांड्यावर मदतीचे जाळ दिसले. लोस्टॉफ्टचे ‘बटरकप’ हे मासेमारीचे गलबत तिथे अडकले होते. ‘बोशॅम’ला पाण्यात लोटले. लाटांनी तिला ओंडक्यांवरून उचलून परत वाळूवर फेकले. पुन्हा ओढून आणली आणि पुन्हा लोटली. असे करता करता रात्रीचे दोन वाजले, तेव्हा कुठे ती काठापासून सुटली. आत बारा माणसे होती. होडी अंधारात दिसेनाशी झाली तेव्हा लोटणारे लोक ओले कपडे बदलायला घरोघर गेले.

एक म्हातारा मात्र गेला नाही. जेम्स हेलेट, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर. एके काळी तो या होडीचा दुय्यम तांडेल होता. आता त्याचे दोन मुलगे होडीत होते. पोटात काही नाही, अंगावरचे कपडे चिंब, तसाच तो नातू फ्रेडरिक याच्यासह काठावर उभा राहिला. तीनच्या सुमारास वाऱ्यातून किंकाळ्या ऐकू आल्या. दोघे धावले. होडी निघाली होती तेथून पन्नासएक यार्डांवर ‘बोशॅम’ काठाशी पालथी पडली होती आणि माणसे तिच्याखाली सापडली होती. परतणाऱ्या लाटेने तिला आडवे करून उलटवले होते. म्हातारा आणि नातू त्या फुटणाऱ्या पाण्यात शिरले आणि तिघांना त्यांनी बाहेर ओढले. नाइट्स, हबर्ड आणि वॉल्टर हेलेट. बाकीचे नऊ गेले. त्यांत म्हाताऱ्याचे दोन्ही मुलगे होते.

ती होडी इतकी जड की उलटल्यावर कुणाला हलेना. समुद्रात जिच्या वजनावर त्यांनी विश्वास टाकला होता, तेच वजन काठावर त्यांच्या छातीवर बसले. होडी खलाश्यांनी निवडावी हा दंडक चुकीचा होता काय? माझे उत्तर असे की, संस्थेने जबरदस्तीने दुसरी होडी दिली असती तर कदाचित कुणी तिच्यात बसलेच नसते. पण निवडीचा हक्क घेतला म्हणजे तिची किंमतही आपणच मोजावी लागते, आणि ती केस्टरने मोजली. याबद्दल गावाने दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवले नाही.

मृत्यूची चौकशी झाली. चौकशीत साहजिकच असा प्रश्न निघाला की, होडी काठाजवळ सापडली, तर माणसे प्रयत्न सोडून परत येत होती काय? दोन मुलगे गमावलेल्या बापापुढे हा प्रश्न आला. त्याने सांगितले ते थोडक्यात असे. त्यांनी प्रयत्न सोडला नसता, दिवस उजाडेपर्यंत ते तिथेच फिरत राहिले असते, कारण असले इशारे दिसल्यावर परतणे आमच्या नियमाविरुद्ध आहे. वर्तमानपत्रांनी या साक्षीला कात्री लावली, कानस लावली आणि तिचे एक घोषवाक्य केले : केस्टरची माणसे कधी मागे फिरत नाहीत. हे वाक्य साऱ्या देशभर गाजले. १९५७ साली गावात बांधलेल्या एका मद्यगृहाचे नावसुद्धा ‘नेव्हर टर्न बॅक’ असेच ठेवले गेले.

इतिहासाच्या अभ्यासकाने येथे जरा थांबावे. वर्तमानपत्राचे वाक्य पराक्रमाचे आहे, म्हाताऱ्याचे कामाचे आहे. ‘आम्ही शूर आहोत’ असे तो म्हणाला नाही, ‘असा नियम आहे’ असे म्हणाला. गवंड्याने ओळंबा सोडल्याशिवाय वीट ठेवू नये, तसा हा नियम. पुस्तकात तो छापलेला नव्हता. अडकलेल्या गलबताला प्रथम गाठणे, हिस्सा सारखा वाटणे आणि जाळ दिसला की निघणे, हे सगळे एकाच शाळेत शिकलेले धडे होते. धंद्यातली चुरस आणि जीवरक्षणाचा हट्ट यांची मुळे एकाच मातीत होती. घोषवाक्याने पराक्रम तेवढा ठेवला आणि माती झटकून टाकली. म्हाताऱ्याला संस्थेचे सुवर्णपदक मिळाले. १९०२ च्या जानेवारीत राजे सातवे एडवर्ड यांनी सँडरिंगहॅमच्या वाड्यात स्वतः ते त्याला दिले. नऊ जणांसाठी दफनभूमीत स्मारक उभे राहिले. दुसऱ्या ठाण्यावर नवी होडी आली ती १९०३ साली. आणि तिच्यात बसायला माणसे मिळाली!

पुढचा काळ शांत उतरणीचा. शिडांची जागा वाफेने घेतली आणि वाळूवर अडकणारी गलबते कमी झाली. जुन्या कंपनीचा धंदा आटला. १९०६ साली केस्टरला सुटीत राहण्यासाठी तंबूंची एक वसाहत निघाली. ज्या किनाऱ्यावर लोक वादळाची वाट पाहत, त्याच किनाऱ्यावर आता ते उन्हाची वाट पाहू लागले. १९२९ साली दोनांपैकी एक ठाणे बंद झाले. १९४१ साली पहिली यांत्रिक जीवनौका, ‘जोस नेव्हिल’, गावात आली.

मग १९६९ साल उजाडले. संस्थेने हिशेब मांडला. शेजारी यार्मथ-गोर्ल्स्टन येथे पोलादी, आपोआप सुलटणारी, सुमारे पंधरा नॉट वेगाची नवी जीवनौका आली होती. केस्टरची होडी लाकडी आणि वेगाने तिच्या निम्मी. इतक्या थोड्या अंतरात दोन ठाणी कशाला? लोकांनी दिलेली वर्गणी जपून वापरली पाहिजे. १७ ऑक्टोबर १९६९ रोजी संस्थेने केस्टरचे ठाणे बंद केले. तोपर्यंत संस्थेच्या काळात या एका गावाच्या होड्यांनी अठराशेहून अधिक जीव वाचवले होते.

हा हिशेब चुकीचा नव्हता, हे लक्षात घ्या. संस्थेला खलनायक करून ही गोष्ट सोपी करता येईल, पण ते न्यायाचे होणार नाही. संस्था साऱ्या देशाचा किनारा पाहत होती. गावकरी मात्र आपल्यासमोरचा दांडा पाहत होते. त्यांचे म्हणणे असे की, वाळूवर सुटीला आलेले मूल रबराच्या चटईवर बसून वाहून चालले तर यार्मथची होडी किती मिनिटांत येईल? संस्थेने होडी नेली. ती संस्थेचीच होती. पण नियम मात्र तिला नेता येईना. गावकऱ्यांनी स्वतःचे स्वयंसेवक पथक काढले. सुरुवातीला त्यांच्याजवळ सोळा फुटांची एक छोटी होडी तेवढी होती. बारा माणसांच्या ‘बोशॅम’नंतर हे चित्र केविलवाणे वाटेल, पण गाव हसला नाही. वर्गणी जमली आणि १९७३ साली संस्थेच्याच सेवेतून निवृत्त झालेली एक जीवनौका गावाने मिळवली. तिचे नाव ‘शर्ली जीन अॅडाय’. १९९१ साली नॉरफोकचे कुक्कुटव्यवसायी बर्नार्ड मॅथ्यूज यांच्या मदतीने त्यांच्याच नावाची नवी होडी आली, आणि २००४ साली त्याच नावाची दुसरी, हॉलंडमध्ये बांधलेली. तीही वाळूवरूनच समुद्रात लोटतात, फक्त आता ओंडक्यांऐवजी यंत्र आहे.

त्याच २००४ साली स्क्रोबीच्या दांड्यावर वीज करणाऱ्या तीस पवनचक्क्या फिरू लागल्या. ज्या वाळूने शेकडो गलबते गिळली तिथे आता दिवे लावणारी वीज पिकते. पण दांडे तेच आहेत आणि वाराही तोच आहे.

या सगळ्याचा अर्थ काय लावायचा? संस्था होडी देऊ शकते, पैसा देऊ शकते, पदक देऊ शकते, आणि त्यांवाचून गावाचे चालत नाही, हे १८५७ ते १९६९ या शंभरावर वर्षांनी दाखवले. पण रात्री दोन वाजता थंड पाण्यात छातीइतके उभे राहून होडी रेटणारा माणूस कुठल्याही संस्थेला वर्गणीतून विकत घेता येत नाही. तो गावातच तयार व्हावा लागतो, आणि तयार व्हायला त्याला पिढ्या लागतात. केस्टरमध्ये तो सुरुवातीला पोटासाठी पाण्यात उतरला होता, हे सांगायला त्या गावाने कधी लाजू नये. पोटासाठी शिकलेले कौशल्य त्याने परक्याच्या प्राणासाठी वापरले, आणि पोटाचा प्रश्न सुटला तरी ते सोडले नाही. जेम्स हेलेटने ज्याला नुसता ‘नियम’ म्हटले, तो हाच.